श्रद्धा पक्की नसताना देवाच्या नावाने सेवा करणं म्हणजे ढोंग नाही का?

नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही लिहिलंय ना "आधी आतून खात्री होऊ दे, मग सुरू करेन", हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून इतकं ऐकलंय की कुणीही म्हटलं तरी डोकं फिरतं.

झालं असं की आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधले एक काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, घरी फक्त काकू, त्याही थकलेल्या. ग्रुपमध्ये चर्चा सुरू झाली. देवाची इच्छा काय, आपल्याला खरंच हाक आलीये का, मध्येच सोडावं लागलं तर काय. दादा सगळ्यात पुढे, म्हणे मन शुद्ध नसताना केलेली सेवा म्हणजे नाटक. इकडे काकूंच्या डोळ्याला डोळा नाही, कारण अशा पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. जखमा काय आपलं चिंतन संपायची वाट बघतात?

मी गेलो. तेव्हा माझा देवावर विश्वास होता का, तर दिवसावर होतं ते, प्रार्थनेला बसलो की मन कोरडं ठाक. पण खांदा आणि कंबर एकदम धरून वळवायचं, अंग चादरीवरून घासत ओढायचं नाही, उचलायचं, नाहीतर कातडी सोलते, पाणी पाजताना ताठ बसवायचं, नाहीतर ठसका लागून पाणी फुफ्फुसात जातं, हे सगळं श्रद्धा असली तरी शिकावंच लागतं आणि नसली तरी शिकता येतं. काकांना माझ्या शंकांशी काहीही घेणंदेणं नव्हतं. त्यांना नीट बोलता यायचं नाही, पलंगावर हात आपटायचे, कुणीतरी उठतंय एवढं त्यांना पुरे होतं.

मग खात्री आली का? आली थोडी, गेली पण. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये, त्या गेल्यावर दहा वर्षांनी, छापून आली, त्यात देव जवळ आहे असं जाणवतच नाही हे दुखणं वर्षानुवर्षं दिसतं, आणि 1950 पासूनचं त्यांच्या संस्थेचं काम मात्र चालूच. (त्यांच्या कामावर टीका आहे, रुग्णांच्या सोयींवरून तर बरीच, माहितीये, तो वेगळा विषय.) दादाला हे सांगितलं तर म्हणतो, त्या संत होत्या, आपण साधी माणसं. म्हणजे संतांना शंका चालते आणि आपल्याला नाही? वा रे वा.

आता लगेच कर्ज काढून दान करू नका, किंवा चालू औषधं बंद करून नुसती प्रार्थना, किंवा नोकरी सोडून कुणा बुवाच्या मागे, असलं काही मी म्हणत नाहीये. चुकलात तर फार फार तर तुमची झोप जाणार असेल तिथे खात्रीची वाट बघत थांबू नका, दुसऱ्याचं नुकसान होणार असेल तिथे शंभरदा विचार करा. आणि जायचं तर वार ठरवून जा, "जमेल तसं येतो"वाल्यांचा घरच्यांना उलट तापच होतो. आधी एखाद्या नर्सकडून हात बसवून घ्या, हे वर सांगायला हवं होतं खरं.

आता आम्ही काही जण एका आजींकडे आळीपाळीने जातो. मध्यंतरी दादाने विचारलं, इतकं करून तुला देव सापडला का रे. म्हटलं, शनिवारची रात्र रिकामी आहे, येतोस? म्हणाला, बघतो.