५६००एक्स ४.७ गिगाहर्ट्झला लावला की पीसी बंद पडतो, काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, डब्यात आलेला कूलर. सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टला लावलेत. सिनेबेंचमध्ये (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून स्कोअर देणारी चाचणी) तापमान ९५ अंशांना टेकतं, गेममध्ये पीसी अचानक रिस्टार्ट होतो. त्यात राहता जळगावात, म्हणजे मे महिन्याची धास्ती वेगळीच.

या प्रोसेसरवर ऑल-कोअर ओव्हरक्लॉक (सगळे कोअर एकाच वाढीव वेगावर अडकवणं) करूच नका, असं माझं मत आहे. एक-दोन कोअरवरच काम असेल तर हा मुळातच ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे अशा कामात तुम्ही झगडताय जेमतेम शंभर मेगाहर्ट्झसाठी, आणि त्याची किंमत पाहा. वीज साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ व्होल्टवर ४.४ला चालणारी चिप १.३५ व्होल्टवर ४.७ला नेली, तर वेग ७ टक्के वाढतो आणि वीज ३५ टक्के. ही सगळी उष्णता सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यातून बाहेर काढायची असते. तो छोटा कूलर तिथेच हात टेकतो.

(स्टॉकमध्येही, म्हणजे काहीही न बदलता, एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये १.४५ व्होल्ट दिसतात, मग १.३५ने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. ते १.४५ हलक्या कामात, कमी करंटवर, क्षणभर असतात. सहाही कोअर पूर्ण भाराखाली असताना १.३५ कायमचे ठेवणं म्हणजे चिपचं आयुष्य कमी करणं.)

आता काय करायचं ते सांगतो. बायोस (बोर्डची मूळ सेटिंग जिथे असतात तो प्रोग्रॅम) अपडेट करा आणि सगळं डिफॉल्टला आणा. रॅमचं एक्सएमपी (तिला वाढीव वेगावर चालवणारं तयार सेटिंग) सध्या बंदच ठेवा. रॅमची चूक प्रोसेसरच्या माथी मारून लोक आठवडे घालवतात. मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंग, त्यात प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ (चिपच्या स्वतःच्या बूस्टच्या मर्यादा बदलू देणारी सोय). तो अ‍ॅडव्हान्स्डवर ठेवा. पीपीटी (एकूण वीज), टीडीसी (सलग करंट), ईडीसी (क्षणिक करंट) या मर्यादा मुळात ७६ वॉट, ६० अँपिअर आणि ९० अँपिअर असतात. या कूलरवर त्या तशाच राहू द्या. १२० मिमीचा टॉवर कूलर घेतलात तर पीपीटी ९५ ते १०० करायला हरकत नाही, त्यापुढे फक्त पंखा ओरडतो. थर्मल लिमिट ८५. स्केलर ऑटोवर. बूस्ट ओव्हरराइड (कमाल बूस्टवर वाढीव मेगाहर्ट्झ) आधी शून्य.

खरा फायदा पीबीओतल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आहे, तो प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज खाली आणतो. पर-कोअर निवडा, चिन्ह निगेटिव्ह. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. रायझन मास्टर या एएमडीच्या प्रोग्रॅममध्ये ज्या दोन कोअरना खूण असते ते सर्वांत चांगले कोअर. त्यांना उणे ५ द्या, बाकी चारांना उणे १५. चांगल्या कोअरना कमी का, तर ते मुळातच कमी व्होल्टेजवर सर्वांत जास्त बूस्ट घेतात, त्यामुळे त्यांच्याकडे कापायला फारसं उरलेलं नसतं. सरसकट उणे ३० टाकणारे व्हिडिओ पाहून फसू नका.

इथे एक गंमत आहे. कर्व्ह जास्त खाली गेला तर पीसी सिनेबेंचमध्ये पडत नाही, ब्राउझर उघडताना किंवा नुसता बसून असताना पडतो. कारण पूर्ण भाराखाली फ्रिक्वेन्सी कमी असते; एकाच कोअरवर हलकं काम आलं की तो वरच्या टोकाला जातो आणि नेमकं तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून कोअरसायकलर हा प्रोग्रॅम वापरा, तो एकेक कोअर प्राइम९५ या ताण-चाचणीवर वेगळा तपासतो. रात्रभर चालू द्या. मध्येच रिस्टार्ट झाला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये व्हिया-लॉगर (WHEA-Logger), इव्हेंट १८ शोधा. त्यात प्रोसेसरचा एपिक आयडी (APIC ID, चुकलेल्या कोअरचा माग देणारा क्रमांक) असतो. त्याला दोनने भागा, अपूर्णांक सोडा: ७ असेल तर कोअर ३ (मोजणी शून्यापासून). त्याच कोअरचा आकडा ३ ते ५ने शून्याकडे आणा, बाकीच्यांना हात लावू नका.

सगळे कोअर पास झाले की एक्सएमपी चालू करा (३६०० रॅमला एफक्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग, १८००) आणि पुन्हा तपासा. दर बदलानंतर सिनेबेंच आर२३चा स्कोअरही लिहून ठेवा. स्टॉकमध्ये मल्टी-कोअर ११ हजारांच्या आसपास येतो. क्लॉक वाढलेला दिसतो पण स्कोअर घसरतो, असं झालं तर एचडब्ल्यूइन्फोत इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळणारा वेग) बघा. तो मागे असेल तर व्होल्टेज कमी पडल्यामुळे चिप स्वतःच ठोके लांबवतेय.

जळगावचं म्हणाल तर हिशेब सरळ आहे. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानापासून वर मोजायचा. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ७६ दिसत असतील, तर ४० अंशांच्या खोलीत ९२ धरा. तेव्हा हिवाळ्यात पूर्ण भाराला ७०च्या वर जाऊ देऊ नका. जात असेल तर पीपीटी ६५वर आणा. गेममध्ये फरक जेमतेम कळेल. कूलर बदलायला पैसे असतील तर आधी केसच्या पुढे १२० मिमीचे दोन पंखे लावून बघा, बंद काचेच्या केसमध्ये निम्मा त्रास तिथेच असतो.

आणि बोर्ड सुरूच झाला नाही तर घाबरू नका. प्लग काढा, बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा.