'उंदीर पडणे' म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आहे की जुन्या आठवणींत "गावात उंदीर पडले आणि सगळे रानात झोपड्या घालून राहिले" असं वाक्य येतं, तर उंदीर पडले कुठून आणि त्यासाठी गाव कशाला सोडायचं?

इथे पडणे म्हणजे मरणे. रोगाने ढोरं पडली म्हणतो ना, तसंच. पण उंदराच्या बाबतीत ते शब्दशः पण खरं होतं, प्लेग झालेला उंदीर भरदिवसा उघड्यावर येतो, झिंगल्यासारखा चालतो, आढ्यावरून खाली पडतो आणि तिथेच मरतो. विष घालून मारलेल्या उंदराला कुणी 'पडला' म्हणायचं नाही.

आणि उंदीर पडले की आठ-पंधरा दिवसांत माणसांना प्लेगच्या गाठी येतात हे लोकांनी पाहून पाहून ओळखलं होतं, म्हणून गाव सोडायचं. साथरोगशास्त्राची सुरुवात नेमकी इथूनच होते, आधी कोण आजारी पडलं, कुठे, केव्हा. 1896 ला मुंबईत मांडवीच्या धान्य गोदामांच्या भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तेव्हा जंतू सापडून दोन वर्षं झाली होती, पण तो माणसात येतो कसा हे कळलं नव्हतं म्हणून सरकारने घरं धुतली, सामान जाळलं, माणसं उचलून नेली. 1898 ला कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने पिसवांकडे बोट दाखवलं तर फारसं कुणी मानलं नाही. मग 1905 पासून मुंबईतल्या प्रयोगांत प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले, त्यांना प्लेग झाला, आणि बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले, जिथून हवा जाते पण पिसू जात नाही, ते वाचले. घर तेच, हवा तीच! मला हा प्रयोग फार आवडतो. उंदीर मेला की पिसवा त्याचं गार पडलेलं अंग सोडतात, उंदीर उरले नाहीत की उपाशीपोटी माणसाला चावतात, मधले दिवस जातात ते त्यात.

हा शब्दप्रयोग फक्त आजीच्या काळातला नाही, 1994 ला बीडच्या मामला गावातही प्लेगच्या बातमीआधी उंदीर पडले होते, पिसवा वाढल्या होत्या. सिंधुदुर्गात माकडतापाचं असंच आहे, आधी माकडं मरतात, तिथे गोचीड माणसाला चावते. त्यामुळे दोडामार्गाकडे रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्रात लगेच कळवा.