पीसीबी गेला म्हणाले? आधी पंप मोजा

तुम्ही लिहिलंय: वॉशिंग मशीन पाणी घेतं, ड्रम फिरतो, पाणी सोडायची वेळ आली की ठप्प. आणि सर्व्हिसवाले म्हणतात पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलाय, त्यापेक्षा नवीनच घ्या. तुमची ही कथा आम्ही भोगली आहे. फिल्टर, नळी तुम्ही बघितलीच असणार, ते सोडतो.

आमच्याकडे सर्व्हिस सेंटरच्या माणसाने बोर्ड बदलला आणि जुना ‘एक्स्चेंजमध्ये’ म्हणत पिशवीत टाकला. कशाने गेला? तर ‘व्होल्टेज’. बिलावरही नुसतं ‘पीसीबी फॉल्टी’. थोड्याच दिवसांत नवा बोर्डही पाणी सोडतानाच उडाला. आता म्हणे इलेक्ट्रॉनिक पार्टला वॉरंटी नसते, फोटो पाठवा, वरून मंजुरी येईल. ती मंजुरी कुठे अडली ते त्यांनाच ठाऊक!

शेवटी टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला गाठलं. त्याने बोर्डाकडे बघितलंही नाही, म्हणाला आधी पाणी बाहेर टाकणारा पंप काढून आणा. २३० व्होल्टच्या साध्या ड्रेन पंपाची कॉइल मीटरवर साधारण १०० ते २०० ओहम (विजेला होणारा अडथळा) दाखवते. आमची वीसच्याही खाली. कॉइल आतून शॉर्ट, त्यामुळे पंपाला वीज सोडणारा ट्रायॅक, नखाएवढा तीन पायांचा पार्ट, दर वेळी जळत होता. बोर्डावर ओल लागू नये म्हणून रबरासारखा थर ओतलेला असतो. तेवढ्या जागेपुरता तो कोरून त्याने ट्रायॅक बदलला, पंप नवा घातला, काम झालं. पहिला बोर्डही असाच वाचला असता, पण तो पिशवीतून गेला होता.

त्यामुळे माझ्या मते पंप, व्हॉल्व्ह, डोअर लॉक समोर मोजून घेतल्याशिवाय बोर्ड बदलू देऊ नये. जुना पार्ट परत मिळेल हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावं. ‘पॉलिसीत बसत नाही’ म्हणतील, म्हणू देत.

मी इलेक्ट्रिशियन नाही, हे धरून चाला. काही मशीनमध्ये डीसी पंप असतो, त्याला वरचे आकडे लागू नाहीत. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका, आणि मोजाल ते प्लग काढूनच. या भरात मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

पंप किती ओहम दाखवतो ते मॉडेल नंबरसकट कळवा, मग बोर्डाचं बघू.