येन पडलेला असताना जपानला यावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी, जपानी भाषेची एन३ ही मधल्या पातळीची परीक्षा झालेली, तोक्योतल्या एका कंपनीकडून महिना ३ लाख येनची ऑफर हातात. डोक्यावर १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज, सात वर्षांची मुदत, व्याज ११ टक्के. शिवाय घरी दरमहा २० हजार पाठवायचे आहेत. येन एके काळी ७० पैशांना होता, आता ५७ च्या आसपास आहे, तर आत्ता यावं की दर सुधारेपर्यंत थांबावं?

दरासाठी थांबू नका. पण कर्जाचा हप्ता आहे तसा ठेवून येऊही नका. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तोक्योतल्या निशी-कासाई भागात राहून या दराच्या चढउतारात कोण कशामुळे अडचणीत आलं ते मी जवळून पाहिलं आहे.

आधी इतिहास. २०१२ मध्ये येन ६५ ते ७० पैशांच्या घरात होता. २०१५ च्या मध्याला तो ५२ पर्यंत उतरला, वर्षभरात पुन्हा ६५ च्या पुढे गेला. २०२१ च्या सुरुवातीला ७०, आणि जुलै २०२४ मध्ये परत ५२. म्हणजे हे खड्डे आणि चढ पूर्वीही होते, आणि पुढचा कधी येईल हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. येन-रुपया हा दर मुळात डॉलरमधून निघतो. रुपयाला रिझर्व्ह बँक सांभाळत असते, त्यामुळे तो डॉलरसमोर बहुधा हळूहळू सरकतो. येन मात्र मोठ्या उड्या मारतो. २०२२-२३ मध्ये अमेरिकेने व्याजदर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेले आणि बँक ऑफ जपान मार्च २०२४ पर्यंत उणे दरावर बसून राहिली. येनमध्ये स्वस्त कर्ज काढून डॉलरमध्ये गुंतवायचं, असा जगभराचा उद्योग झाला आणि एका डॉलरला १०३ येन पडायचे ते १६१ पडू लागले, म्हणजे येन तेवढा स्वस्त झाला. मग ३१ जुलै २०२४ ला बँक ऑफ जपानने दर पाव टक्क्यावर नेला, अमेरिकेतून मंदीच्या बातम्या आल्या आणि ५ ऑगस्टला येन सावरून डॉलरला १४२ च्या आसपास होता. त्या दिवशी निक्केई, म्हणजे तोक्यो शेअर बाजाराचा निर्देशांक, १२ टक्क्यांहून जास्त पडला. जुलैच्या सुरुवातीला १ लाख येनचे साधारण ५२ हजार रुपये मिळत होते, महिन्याभरात ५९ हजार. आमच्या इमारतीतला एक जण त्या जुलैत घरी पैसे पाठवून मोकळा झाला होता, दुसरा थांबला होता. दोघांच्याही हातात त्यातलं काही नव्हतं.

तेव्हा ३ लाख गुणिले ५७ पैसे हा गुणाकार बाजूला ठेवा. तुम्ही भाडं येनमध्ये देणार, भाजी येनमध्ये आणणार, रेल्वेचा पास येनमध्ये काढणार. त्या पैशांचे किती रुपये होतात याने काही फरक पडत नाही. हिशेब उलटा करा: रुपयांतली देणी घ्या आणि ती येनमध्ये किती होतात ते बघा.

पहिल्या वर्षी पगाराच्या पावतीवर काय दिसेल ते लिहितो. वर ३,००,०००. खाली कोसेइ नेनकिन, म्हणजे पेन्शन, २७,४५०. आरोग्य विमा साधारण १५ हजार. रोजगार विमा दोनेक हजारांच्या आत. आयकर साडेसहा हजारांच्या आसपास. हातात उरतात २ लाख ४८-४९ हजार. दुसऱ्या वर्षी जूनपासून त्यात जूमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर, येतो. तो आदल्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नावर लागतो, साधारण १० टक्के. तुमच्या पगाराला महिन्याला १२-१३ हजार. नव्याने आलेले लोक यालाच चकतात: पगार तोच, आणि हातात एकदम २ लाख ३५ हजार. एकट्या माणसाचं भाडं, वीज-गॅस, फोन, जेवण धरून दीड लाखाच्या थोडं वर जातात. म्हणजे पहिल्या वर्षी ९० ते ९५ हजार उरतील, दुसऱ्या वर्षी ८० हजार.

आता तुमची देणी. १५ लाखांवर ११ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता २५,७०० च्या जवळ येतो. घरचे २० हजार धरून ४५,७००. येन ७० पैसे असता तर त्याचे ६५ हजार येन झाले असते. ५७ ला ८० हजार होतात, ५२ ला ८८ हजार, ५० ला ९१ हजारांच्या वर. म्हणजे आजच्या दरालाच दुसऱ्या वर्षी तुमच्या हातात काही उरत नाही, आणि दर जरा घसरला की भाड्याच्या पैशांतून हप्ता भरायची वेळ येते. त्यात एखादा दात दुखला, घरी लग्न निघालं, विमानाचं तिकीट काढावं लागलं, तर क्रेडिट कार्डावर जाणार.

म्हणून इथे यायच्या आधी, पुण्यात पगाराच्या स्लिपा हातात असतानाच, बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून घ्या. १५ वर्षं मिळाली तर हप्ता १७ हजारांवर येतो. मग घरचे धरून ३७ हजार, आणि ५० पैशांच्या दरालाही ७४ हजार येन. हे दुसऱ्या वर्षीही झेपतं. १५ वर्षं व्याज भरत बसा असं मी सांगत नाहीये. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्यावर दंड लागत नाही. अनेक जपानी कंपन्या उन्हाळ्यात आणि डिसेंबरात बोनस देतात. तो मुद्दलात घाला, येन वर गेलेला असेल तेव्हा जास्त घाला. सक्तीचा हप्ता लहान हवा आणि मर्जीची फेड मोठी. दराची जोखीम पेलायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

हे एवढं कळकळीने सांगतो याचं कारण माझा एक मित्र. त्याने २०२१ च्या सुरुवातीला वाकडला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. बिल्डरला ३० लाख द्यायचे राहिले होते, स्लॅब पडेल तसे. ७० पैशांच्या दराने त्याचे ४३ लाख येन होत होते. स्लॅब वेळेवर पडत गेले आणि येनही पडत गेला. ५५ पैशांना तेच ३० लाख म्हणजे साडेचोपन्न लाख येन. जवळपास १२ लाख येनचा फरक, त्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा. त्याची नोकरी उत्तम चालली होती, खर्च बेताचा होता. तरी बायको-मुलाला इकडे आणायचं वर्षभर पुढे ढकललं. पोराचं इथल्या सरकारी शाळेत पहिलीत जायचं वर्ष त्यात गेलं. तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं भारतात रुपयांतलं नवं देणं अंगावर घेऊ नका, मग तो फ्लॅट कितीही चांगला असो.

पैसे पाठवण्याबद्दल थोडं. हप्त्याचे पैसे दर महिन्याला पगार झाला की पाठवायचे, दर न बघता. तीन हप्त्यांएवढी रक्कम एनआरई खात्यात (परदेशातल्या कमाईसाठीचं भारतातलं खातं) शिल्लक ठेवा, म्हणजे वाईट आठवड्यात घाई होणार नाही. त्यावर जे उरेल त्याचंच काय करायचं हा खरा प्रश्न, आणि ते इथे येनमध्ये राहिलं तरी बिघडत नाही. पाठवताना जाहिरातीतल्या शुल्काकडे बघू नका. ठरावीक येन टाकून खात्यात नेमके किती रुपये पडतात तेवढंच ताडून बघा, कारण खरा खर्च दरातच लपवलेला असतो. नोकरीसाठी देश सोडलात की पुण्यातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं साधं खातं, करून घ्यावं लागतं, ते निघण्यापूर्वी बँकेत विचारून ठेवा. एनआरईवरचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण जपानमध्ये पाच वर्षांहून जास्त राहिलात की इथे जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो आणि ते व्याजही त्यात येतं.

येन पडल्याची झळ इथेही बसते. जपान आपल्या गरजेच्या अन्नातलं उष्मांकांच्या हिशेबाने ३८ टक्केच पिकवतो. बाकी सगळं, आपली तूरडाळ आणि कणीकही, बाहेरून येतं. त्यात २०२५ च्या वसंतात पाच किलो तांदूळ ४ हजार येनच्या वर गेला होता, वर्षभरात जवळपास दुप्पट, आणि त्याचं कारण येनपेक्षा इथलं पीक आणि बाजार हेच होतं. पगारही हलू लागलेत, २०२४ च्या वसंतातल्या वाटाघाटींत मोठ्या कंपन्यांनी सरासरी ५ टक्क्यांवर वाढ दिली, तीसहून अधिक वर्षांत तेवढी झाली नव्हती. तुमची कंपनी लहान असेल तर गेल्या दोन वर्षांत पगारवाढ किती झाली हे मुलाखतीत स्पष्ट विचारा. कोणी वाईट मानत नाही.

एका बाबतीत मात्र पडलेला येन तुमच्या बाजूने आहे. घर भाड्याने घेताना शिकिकिन (अनामत), रेइकिन (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम), दलाली, हमीदार कंपनीचं शुल्क आणि पहिलं भाडं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम लागते, वर पलंग-फ्रिज आणि पहिला पगार होईपर्यंतचा खर्च. ६ लाख येन धरा. ७० पैशांना त्याचे ४ लाख २० हजार रुपये लागले असते, आज ३ लाख ४२ हजार. हे पैसे आणायचेच आहेत, तर व्हिसा हातात आला की बँकेकडून येन घ्या, आणि विमानतळावरच्या काउंटरवर फक्त पहिल्या दिवसापुरते. कंपनी घर देते का, किंवा रेइकिन भरते का, हे ऑफर स्वीकारण्यापूर्वी लेखी मागून घ्या. घर देत असेल तर वरचा हिशेब महिन्याला वीसेक हजार येनने सैल होतो, आणि मग कर्जाची मुदत १५ ऐवजी १० वर्षं केली तरी चालेल.