पुस्तकांचं उंच कपाट भिंतीला कसं फिक्स करायचं?
घरात दोन वर्षांचं लेकरू आहे म्हणताय, तर सात फुटी कपाट भिंतीला पक्कं केल्याशिवाय त्यात एक पुस्तकही भरू नका, कारण पोरं फळ्यांवर पाय देऊन चढतात आणि वजन पुढे आलं की कपाट सरळ अंगावर येतं. वरच्या फळीजवळ दोन्ही टोकांना एल पट्टी (काटकोनात वाकवलेली धातूची पट्टी) लावा, विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारा प्लास्टिकचा प्लग) ठोका मग स्क्रू, नुसत्या प्लास्टरमध्ये अजिबात नको. चोपड्याला आमच्या जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात मातीच्या भिंतीत गिट्टी धरतच नव्हती, शेवटी सागाच्या खांबालाच स्क्रू मारले. जाड पुस्तकं खालीच ठेवा, आणि वर खेळणी तर ठेवूच नका!