मँडरिन मासा फ्लेक्स (पापुद्र्यांसारखं कोरडं खाणं) खात नाही, उपाशी ठेवल्यावर खाईल का?

नाही खाणार. मरेल.

तुम्ही लिहिलंय की ७५ लिटरच्या खाऱ्या टँकमध्ये मँडरिन आणलाय, दुकानदार म्हणतो आठवडाभर काही घालू नका, भूक लागली की आपोआप खाईल, आणि तुम्हाला फक्त कुठले फ्लेक्स घ्यायचे आणि दिवसातून किती वेळा घालायचे ते हवंय. फ्लेक्स कुठलेच नकोत. समोरून तरंगत गेले तरी हा मासा त्यांच्याकडे बघत नाही.

"भूक लागली की खातंय" हे मी आमच्या दाजींकडून इतकी वर्षं ऐकतोय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. दाजी शिरोळकडचे, घरी म्हशी, जनावराची पारख असलेला माणूस. मी राजारामपुरीतल्या घरी मँडरिन आणला त्या रविवारी ते जेवायला आले होते. मी बाटलीत हवेची नळी सोडून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची, अंडी उबवत होतो. ते बघून म्हणाले, "एवढं लाडावून ठेवू नको त्याला. दोन दिस पोटाला चिमटा बसू दे, समोर येईल ते खातंय बघ." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजी बोलले म्हणजे विषय संपला.

पण म्हैस एका बैठकीत पोटभर वैरण घेते आणि मग निवांत रवंथ करत बसते. मँडरिनचं तसं नाही. पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळांच्या ढिगाऱ्यात हा मासा दिवसभर टिपत फिरतो. एकेक कोपेपॉड, म्हणजे पाण्यातला बारीक कवचधारी जीव, बहुतेक मिलिमीटरभरसुद्धा नसलेला, आधी डोळे फिरवून हेरायचा, मग टिपायचा. तोंड बारीक, चाल संथ. उपास घडला की त्याची ताकद जाते, आणि मग समोर जिवंत खाणं आलं तरी तो वळत नाही. दुकानातून येतानाच बहुतेक मँडरिन अर्धे उपाशी असतात. त्यात आणखी आठवडा म्हणजे संपलंच.

आर्टेमिया लिटरला २५ ग्रॅम खडेमिठाच्या पाण्यात, २६ ते २८ अंशाला, जोरात हवा सोडली की दिवसभरात फुटतात. कोल्हापूरच्या थंडीत रात्री पाणी गार पडतं, मग दीड-दोन दिवस लागतात. मी बाटलीशेजारी साधा पिवळा बल्ब लावून ठेवायचो. हवा बंद करून तळाला टॉर्च धरली की पिल्लं उजेडाकडे येतात, टरफलं वर राहतात. टरफलं टँकमध्ये जाऊ द्यायची नाहीत.

ती पिल्लं नुसती टँकमध्ये ओतली तर क्लाउनफिशच सगळी फस्त करतात. म्हणून मी काचेची छोटी बरणी वाळूवर आडवी ठेवली, पंप बंद केले आणि पिपेटनं पिल्लं थेट बरणीत सोडली. मँडरिन आधी तोंडाशी घुटमळला, मग आत शिरला आणि टिपायला लागला. त्यानंतर बरणी ठेवली की तो स्वतःच यायचा. पुढे त्याच पिल्लांत फ्रोझन सायक्लॉप्स (गोठवलेले कोपेपॉड) थोडं थोडं मिसळत गेलो आणि तेही त्यानं घेतलं. पण ते उपाशी ठेवून झालेलं नाही. पोट भरलेलं होतं म्हणून त्यानं नवीन खाणं चाखून बघितलं. दाजी अजूनही म्हणतात, "तुझं नशीब चांगलं." नशीब नव्हे, रोज सकाळ-संध्याकाळ बाटली धुतली आहे मी.

नुसत्या आर्टेमियावर मात्र कायम ठेवू नका. त्यात डीएचए (माशाला लागणारं एक ओमेगा-३ फॅटी आम्ल) फारच कमी असतं. पिल्लं ताजी फुटलेली असतानाच द्या, त्यांचा पिवळा साठा संपला की कस जातो. खरा आधार कोपेपॉडचाच. मी पुण्याच्या मित्राकडून मूठभर किटोमॉर्फा शेवाळ ओल्या पिशवीत एसटीनं आणलं आणि सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) टाकलं, त्यातूनच कोपेपॉडची पैदास झाली. रात्री लाइट बंद झाल्यावर काचेवर टॉर्च मारा. बारीक पांढरे ठिपके पळताना दिसले तर ठीक. लाइव्ह रॉकच्या (टँकमध्ये ठेवायच्या, जीव वसलेल्या दगडाच्या) नावाखाली समुद्रातून काढलेले प्रवाळ घेऊ नका, ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. समुद्रघोडा आणि पाइपफिशही त्यातच येतात.

एक राहिलं. हे सगळं माझ्या ४ फुटी, जुन्या, सम्प असलेल्या टँकमधलं आहे. ७५ लिटरमध्ये नवे कोपेपॉड तयार होण्याआधीच तो असलेले संपवतो, त्यामुळे तुम्हाला रोज दोन-तीन वेळा जिवंत खाणं द्यावंच लागेल, सुट्टी नाही. टँक वर्षभराचाही नसेल तर मासा परत करा. डोक्यामागे खळगा आणि पोट आत गेलेलं दिसत असेल तर आज रात्रीच अंडी भिजत घाला, आणि दुकानदाराला पुन्हा विचारायला जाऊ नका.