नर्मदाकाठच्या दीड महिन्यासाठी २४ लाखांची गाडी?

प्रश्न नाशिकच्या एका निवृत्त जोडप्याचा आहे. गृहस्थ ६२ वर्षांचे, खासगी कंपनीतून निवृत्त. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. दोघांना गाडीने नर्मदा परिक्रमा करायची आहे, तीही घाईची सहल न करता दीड महिना काढून. त्यासाठी झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली कॅम्पर व्हॅन बांधून घ्यायची. पत्नीच्या गुडघ्यांमुळे शौचालय गाडीतच हवं, असं त्यांचं म्हणणं. खर्च २४ लाख. पैसे येणार 'सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम'मधले ३० लाख मोडून. परिक्रमा झाली की गाडी भाड्याने द्यायची आणि पैसे वसूल करायचे.

तुम्ही आकडे मोकळेपणाने कळवलेत, त्यामुळे थेट हिशेबावर येतो. बाईंचं निवृत्तिवेतन ३४,०००, तुमची पीएफची पेन्शन ३,५०० आणि योजनेचं ८.२ टक्क्यांनी येणारं व्याज महिन्याकाठी २०,५००. एकूण ५८,०००. घरखर्च ४५,०००, शिल्लक १३,०००. घर स्वतःचं, कर्ज नाही, बँकेत सहा लाखांची मुदत ठेव. निवृत्तीनंतरची ही घडी चांगली बसली आहे.

आता ती मोडून पाहू. या योजनेतून लागेल तेवढीच रक्कम काढता येत नाही, मुदतीआधी पैसे हवे असतील तर खातंच बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला १४ महिने झालेत, म्हणजे दीड टक्का कपात, ३० लाखांवर ४५,००० रुपये. गाडीचे २४ लाख गेल्यावर साडेपाच लाख उरतील. ते सात टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला सव्वातीन हजारांच्या आत. म्हणजे मिळकत ४१,००० च्याही खाली आणि खर्च ४५,०००. यात गाडीचा विमा, टायर, देखभाल धरलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही. आज घर मुख्यतः बाईंच्या निवृत्तिवेतनावर चालतंय. उद्या त्यांच्या माघारी तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, पण ते कमी असेल. त्या दिवसासाठी तुमचा आधार म्हणजे हेच ३० लाख. असलं लिहायला मलाही बरं वाटत नाही, पण हे मी नाही सांगायचं तर कोणी?

भाड्याच्या वसुलीचं गणित तर सोडूनच द्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. दिलीत आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळी पाटी घ्यायची तर परवाना, फिटनेस, वेगळा विमा, म्हणजे सरळ धंदाच. वयाच्या ६२व्या वर्षी तो करायचा असेल तर तसा स्वतंत्र विचार करा, परिक्रमेच्या नावाखाली नको.

पण मला खरी अडचण वाटते ती मार्गाची. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालात की बडवानी, मग आपल्या शहादा-प्रकाशावरून राजपिपळा, अंकलेश्वर. प्रकाशाला तर नदी तापी! सरदार सरोवर आणि इंदिरा सागरच्या फुगवट्यामुळे रस्ता बऱ्याच ठिकाणी काठापासून लांबून जातो. रोज सकाळी व्हॅनचं दार उघडलं की समोर नर्मदा, असं चित्र डोळ्यापुढे असेल तर ते पुसा. वीज, पाणी आणि मैला उपसण्याची सोय असलेले कॅम्पर तळ युरोपात जागोजागी असतात, तशी साखळी या काठाला नाही. उलट काठावर आश्रम आणि धर्मशाळा पुष्कळ. बिछान्यासाठी २४ लाख मोजायचे आणि बिछाने जिथे सर्वांत स्वस्त तिथेच ते न्यायचे, हे मला पटत नाही.

मुखापाशी आणखी गंमत आहे. नदी ओलांडायची नाही म्हणून दक्षिण काठच्या कठपोरहून परिक्रमावासी नावेत बसून समुद्रातून उत्तर काठच्या मिठी तलाईला उतरतात आणि रिकामी गाडी भरूचच्या पुलावरून फिरून पलीकडे येते. तुम्ही दोघंही नावेत, मग व्हॅन कोण आणणार? चालक घेतलात तर दोन बिछान्यांच्या गाडीत तो झोपणार कुठे?

बाईंच्या गुडघ्यांचं कारण मात्र खरं आहे. खाली बसून शौच जमत नसेल तर दीड महिना हाल होतील. त्यावर घडीची कमोड खुर्ची दोन-तीन हजारांत मिळते, डिकीत मावते. शिवाय अमरकंटक, भेडाघाट, बरगी, ओंकारेश्वर, महेश्वर इथे मध्य प्रदेश पर्यटनाची निवासस्थानं आहेत. मुक्काम तिथे पाडा, आश्रमाचा हट्ट धरू नका.

तुमच्या सहा वर्षांच्या हॅचबॅकने जायचं तर माझा अंदाज असा: साडेतीन हजार किलोमीटरचं पेट्रोल २५,०००; रात्री १,५०० प्रमाणे ४५ मुक्कामांचे ६८,०००; जेवणखाण ३६,०००; आधीचं सर्व्हिसिंग, कठपोरला दोन दिवसांचा चालक, नाव, दानधर्म मिळून तीसेक हजार. वर थोडी सैल गाठ ठेवून पावणेदोन लाख. ते मुदत ठेवीतून काढा. महिन्याची १३,००० शिल्लक चौदा महिन्यांत ती भरून काढेल. व्याजाला हात लागला नाही, मूळ रक्कमही शाबूत. हा खर्च बिनघोर करा. तुमच्यासारखी माणसं पैसे असूनही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहतात, ते मला उधळपट्टीइतकंच खटकतं.

कॅम्परची हौस उरलीच तर आधी चालकासकट भाड्याने घेऊन तीन-चार रात्री कोकणात काढा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढी उंच गाडी शिरते का, तेही मोजून घ्या. आणि तरी घ्यायचीच ठरली तर योजनेची पाच वर्षं पुरी झाल्यावर, वापरलेली, आठ-दहा लाखांच्या आतली. अशा गाडीला गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे विकताना जे नुकसान होतं ते घेताना तुमच्या पथ्यावर पडेल.

चातुर्मासात परिक्रमा बंद असते, तेव्हा कार्तिकी एकादशीनंतर निघा. त्याआधी गाडी चालवण्याच्या परवान्याची मुदत तपासा. या वयात नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आरोग्य विम्याची जबलपूर, इंदूर आणि बडोद्यातली कॅशलेस रुग्णालयं कागदावर उतरवून घ्या, कारण दिंडोरी-मंडला भागात काही झालं तर जबलपूरच गाठावं लागेल.